उसन्या कोडची वंशावळ

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या एका मुलाने संगणकावर चालणारा एक लहानसा प्रोग्राम आणला होता. ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव नोंदण्याची सोय त्यात होती आणि पाहणाऱ्याला ते काम मोठे नेटके वाटे. पहिल्याच ओळीवर त्याने स्वतःचे नाव घातले होते. मी सहज विचारले, "हे सगळे तूच लिहिलेस का रे?" तो निःसंकोचपणे म्हणाला, "नाही टीचर, ओपन सोर्स आहे. इंटरनेटवरून उतरवून घेतला आणि थोडा बदलला." "मग मूळचा कोणी लिहिला?" ह्या प्रश्नाला मात्र त्याच्यापाशी उत्तर नव्हते. आरंभी मूळ लेखकाच्या नावाच्या काही ओळी होत्या. त्यांचा प्रोग्राम चालण्याशी संबंध नाही असे पाहून त्याने त्या पुसून टाकल्या होत्या. चार दिवसांनी त्या प्रोग्राममध्ये एक चूक आढळली. एकाने परत केलेले पुस्तक दुसऱ्याच मुलाच्या नावे जमा होई. मूळ लेखकाने ही चूक कदाचित केव्हाच दुरुस्तही केली असेल. परंतु तो कोण, आणि आणलेली प्रत केव्हाची, हे सांगणारा धागाच हाती उरला नव्हता.

त्या मुलावर रागावण्यात अर्थ नव्हता. त्याने केले तेच ह्या विषयातील थोरामोठ्यांनी आणि बलाढ्य कंपन्यांनीही केलेले आहे, आणि त्याचे फळही भोगले आहे. दुसऱ्याने लिहिलेला कोड आपल्या कामाच्या ठिकाणी कसा आणावा आणि आणताना त्याच्याबरोबर काय काय आणावे, ह्या प्रश्नाला पन्नास वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो इतिहास आज थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

प्रथम दोन शब्द परिभाषेविषयी. संगणक जी आज्ञावली पाळतो ती यंत्राच्या भाषेत असते. ती माणसाला वाचता येत नाही. माणसाने लिहिलेली व माणसाला वाचता येणारी जी मूळ संहिता, तिला सोर्स कोड म्हणतात. ही संहिता कोणीही वाचावी, बदलावी व पुढे द्यावी अशी मुभा लेखकाने ठेवली असेल तर ते ओपन सोर्स. हे नाव १९९८ साली रूढ झाले. व्यवहार त्याच्या पुष्कळ आधीचा आहे.

मराठी माणसाला हा व्यवहार वस्तुतः अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रती गावोगाव उतरवल्या जात होत्या. प्रत करणारा कधी शब्द चुके, कधी आपल्या समजुतीने तो बदले, आणि कधी स्वतःची ओवीही मध्येच घाली. कोणती ओवी मूळची आणि कोणती मागाहून आलेली हे कळेनासे झाले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, उपलब्ध प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि पुढे कोणी त्यात भर घालू नये असा इशाराही दिला. उसनी संहिता घरात येते तेव्हा तिचा मूळ पाठ आणि आपली भर ह्यांतील सीमारेषा राखावी लागते, हा धडा त्यात आहे. संगणकाच्या जगाला तो नव्याने शिकावा लागला.

ह्या इतिहासाचा आरंभ १९६९ सालचा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्स नावाची संगणक प्रणाली लिहावयास घेतली. ही प्रयोगशाळा एटी अँड टी ह्या टेलिफोन कंपनीची होती. १९५६ साली न्यायालयात झालेल्या एका तडजोडीमुळे ह्या कंपनीला टेलिफोनखेरीज अन्य धंद्यांत पडण्याची मोकळीक नव्हती. परिणामी युनिक्स बाजारात विकता येईना, आणि ती विद्यापीठांना नाममात्र शुल्क घेऊन देण्यात येऊ लागली. तीही सोर्स कोडसह. चुंबकीय फितीचे एक चाक टपालाने येई. विद्यापीठातील मंडळी ती फीत आपल्या संगणकावर चढवीत, कोड वाचीत, चुका दुरुस्त करीत आणि दुरुस्त्या एकमेकांस कळवीत. परका कोड आपल्या कार्यशाळेत आणण्याची ही आरंभीची रीत. तिच्यात कोडबरोबर मनुष्यसंबंधही येत असे. थॉम्प्सन स्वतः १९७५ साली वर्षभरासाठी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवावयास गेले, तेव्हा तर संहितेबरोबर संहिताकारच घरी आला असे म्हणता येईल.

एका शिक्षकाची हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे अध्यापक होते. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा दहा हजार ओळींच्या आतला. एवढी संहिता एक विद्यार्थी एका सत्रात समग्र वाचू शकेल, हे त्यांनी हेरले. १९७६-७७ च्या सुमारास त्यांनी ओळींना क्रमांक देऊन सगळा कोड छापला आणि सोबत, आपल्याकडील टीकाग्रंथ असतात त्या धर्तीवर, त्याचे विवरण लिहिले. पुढे कंपनीचे धोरण पालटले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यात हा कोड वर्गात शिकवण्यास मनाई आली. लायन्स ह्यांचे पुस्तक उघडपणे छापणे अशक्य झाले. तथापि झेरॉक्सच्या प्रतीवरून प्रत अशा रीतीने ते जगभर फिरत राहिले, आणि उजळ माथ्याने प्रसिद्ध व्हावयास त्याला १९९६ साल उजाडावे लागले. वर्गात शिकवण्यास संहिताच उरली नाही म्हणून ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम ह्या प्राध्यापकांनी १९८७ साली मिनिक्स ही स्वतंत्र लहान प्रणाली लिहिली. त्याच मिनिक्सवर काम करता करता फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला. वाचावयास दिलेला कोड विद्या वाढवतो आणि वाचनाची बंदी नवी विद्या निर्माण करावयास भाग पाडते, असे दोन्ही अनुभव ह्या एका कथेत आहेत.

आता पुन्हा बर्कलीकडे वळू. तेथील विद्यार्थी बिल जॉय ह्याने १९७८ साली आपल्या मंडळींनी केलेली भर एकत्र करून तिची पहिली फीत तयार केली. तिच्या तीसेक प्रती बाहेर गेल्या. पुढच्या दहा वर्षांत ही भर इतकी वाढली की मूळ युनिक्सपेक्षा बर्कलीचीच संहिता अनेकांना अधिक मोलाची वाटू लागली. इंटरनेटचा व्यवहार चालवणारा कोड तर विशेषच. १९८९ साली विद्यापीठाने ह्या कोडची फीत स्वतंत्रपणे दिली. फितीची किंमत १००० डॉलर होती. परंतु एकाने ती घेतल्यावर त्याच्याकडून दुसऱ्याने फुकट उतरवून घ्यावी, बदलावी, विकावी, ह्या सर्वाला मुभा होती. अटी दोनच: प्रत्येक फाइलच्या शिरोभागी असलेल्या नावाच्या व हक्काच्या ओळी तशाच ठेवाव्यात, आणि आपल्या मालाच्या माहितीपत्रकात बर्कलीचे ऋण नमूद करावे.

एटी अँड टीचा कोड जेथे जेथे उरला होता तेथे नवा लिहून घालण्याचे काम कीथ बॉस्टिक ह्यांनी अंगावर घेतले. त्यांनी जगभरच्या लोकांना आवाहन केले, एकेक उपप्रोग्राम मूळ कोड न पाहता नव्याने लिहून द्या. मोबदला काय? पैसा मुळीच नाही. त्या उपप्रोग्रामच्या शेजारी लिहिणाऱ्याचे नाव लागेल, एवढाच. ह्या मोबदल्यावर शेकडो लोकांनी काम केले आणि सुमारे दीड वर्षात बहुतेक सर्व महत्त्वाचे उपप्रोग्राम नव्याने लिहून झाले. आमच्या विद्यार्थ्याने निरुपयोगी म्हणून पुसलेल्या ओळींची किंमत येथे ध्यानात यावी. ज्या व्यवहारात नाव हेच वेतन आहे, तेथे नाव पुसणे म्हणजे मजुराची मजुरी बुडवणे होय.

ह्या नवलेखनाचे फळ म्हणून १९९१ साली जवळजवळ संपूर्ण प्रणालीच खुली होऊन बाहेर पडली, आणि लगोलग भांडण उभे राहिले. युनिक्सचे हक्क ज्या कंपनीकडे होते तिने १९९२ साली दावा लावला, की ह्यात आमचा कोड आहे. विद्यापीठानेही उलट दावा ठोकला, की तुम्ही तुमच्या युनिक्समध्ये बर्कलीचा कोड आणलात आणि परवान्याने बंधनकारक असलेला ऋणनिर्देश गाळलात. म्हणजे दुसऱ्यावर चोरीचा आळ घेणाऱ्याच्याच घरात उसने आणून नाव खोडलेली भांडी असल्याचा हा प्रत्यारोप होता. १९९४ च्या आरंभी तडजोड झाली. सुमारे १८,००० फायलींपैकी केवळ ३ काढून टाकाव्या लागल्या आणि ७० च्या आसपास फायलींवर हक्काची सूचना घालावी लागली. एवढ्यासाठी जवळजवळ दोन वर्षे ही प्रणाली वापरावी की नाही ह्याविषयी लोक साशंक राहिले, आणि त्याच काळात नवख्या लिनक्सने जोर धरला. कोणती ओळ कोणाची हे आरंभापासून निर्विवादपणे नोंदलेले असते, तर ह्या भांडणाला फारशी जागा उरली नसती.

अशी नोंद ठेवण्याची साधने ह्याच काळात हळूहळू घडत होती. १९७२ साली बेल प्रयोगशाळेतील मार्क रॉकाइंड ह्यांनी कोडच्या प्रत्येक बदलाची वही ठेवणारा प्रोग्राम रचला. १९७४ च्या सुमारास दोन प्रतींमधील फरक ओळीओळीने दाखवणारा 'डिफ' हा प्रोग्राम युनिक्समध्ये आला. १९८५ साली लॅरी वॉल ह्यांनी 'पॅच' लिहिला. फरकाची यादी दिली की तो तिच्याबरहुकूम आपल्या प्रतीत दुरुस्ती करी. ह्यामुळे आख्खी फीत पाठवण्याऐवजी केवळ बदलाचे पत्र पाठवले तरी भागू लागले.

परंतु बाहेरून आणलेल्या कोडचा विशिष्ट प्रश्न सुटला तो सीव्हीएस ह्या प्रोग्रामने. डिक ग्रून ह्यांनी १९८६ साली त्याचा पाया घातला आणि ब्रायन बर्लिनर ह्यांनी १९८९ मध्ये तो नव्याने बांधला. बर्लिनर ज्या कंपनीत होते तिने दुसऱ्या कंपनीची प्रणाली आणून तिच्यात स्वतःचे फेरफार केले होते. अडचण अशी, की मूळ कंपनी दरम्यान नवी आवृत्ती काढी. ती घ्यावी तर आपले बदल पुसले जात. न घ्यावी तर मूळच्या दुरुस्त्यांना मुकावे लागे. ह्यावर जो उपाय निघाला तो मोठा सुबोध आहे. बाहेरून आलेली प्रत एका वेगळ्या शाखेवर जशीच्या तशी, बोटही न लावता ठेवावयाची. आपले बदल दुसऱ्या शाखेवर करावयाचे. नवी आवृत्ती आली की ती पहिल्या शाखेवर चढवावयाची, आणि मग दोन्हींचा मेळ घालावयाचा. ह्या आणण्याच्या क्रियेला त्या प्रोग्राममध्ये 'इंपोर्ट' अशी स्वतंत्र आज्ञाच होती. एकनाथांनी मूळ पाठ आणि मागाहूनची भर ह्यांत जो विवेक केला, तोच येथे यंत्राच्या स्वाधीन झाला.

ह्या इतिहासातील सर्वांत चमत्कारिक आयात मात्र लिनक्सची आहे. पहिली अकरा वर्षे टोरवाल्ड्स लोकांनी ई-मेलने पाठवलेले पॅच आपल्या प्रतीत चढवीत आणि वेळोवेळी सगळा कोड एका गठड्यात बांधून प्रसिद्ध करीत. अशा गठड्याला 'टारबॉल' म्हणतात; त्यातील 'टार' हा शब्द जुन्या फितीच्या दफ्तराची आठवण आहे. गठड्यातून कोड येई, पण कोणता बदल कोणी व का केला हे त्यात नसे. २००२ साली त्यांनी बिटकीपर नावाचा एका खासगी कंपनीचा नोंदप्रोग्राम वापरण्यास आरंभ केला. तो त्यांना विनामूल्य मिळत होता. २००५ च्या एप्रिलमध्ये वाद होऊन ही सवलत संपली. जगभरचे हजारो लोक ज्या वहीत लिहीत होते ती वहीच एका कंपनीच्या मर्जीवर होती, हे तेव्हा साऱ्यांच्या ध्यानात आले.

टोरवाल्ड्स ह्यांनी काही दिवसांतच गिट हा नवा प्रोग्राम लिहिला. ७ एप्रिल २००५ रोजी गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच नोंदला जाऊ लागला आणि १६ एप्रिल रोजी लिनक्सचा कोड त्यात आणला गेला. गिटची मख्खी अशी, की प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून व तिच्या आधीच्या नोंदीवरून काढलेला एक ठसा असतो. मागील एक अक्षर जरी पालटले तरी पुढचे सगळे ठसे बदलतात. म्हणून गुपचूप इतिहास बदलणे अवघड होते. शिवाय प्रत घेणाऱ्या प्रत्येकाजवळ सामान्यतः केवळ आजचा कोड न येता संपूर्ण वहीच येते. एकाची वही जळाली तरी शेकडो वह्या शिल्लक राहतात.

पण गंमत पाहा. इतिहास राखण्यासाठी जन्मलेल्या ह्या साधनात लिनक्स आणताना टोरवाल्ड्स ह्यांनी मागचा इतिहास आणलाच नाही! पहिल्या नोंदीतच त्यांनी तसे स्पष्ट लिहून ठेवले आहे: इतिहास आपल्यापाशी आहे, परंतु तो आणला तर सुमारे ३.२ गिगाबाइट जागा लागेल आणि नव्या साधनाच्या बाल्यावस्थेत एवढे ओझे नको. हवा असल्यास पुढे वेगळा करता येईल. पुढे तो झालाही. थॉमस ग्लाइक्सनर ह्यांनी बिटकीपरच्या काळातील नोंदी गिटमध्ये उतरवल्या आणि आज अभ्यासकाला दोन्ही भाग जोडून वाचता येतात. वंशावळ मागे ठेवणे आणि वंशावळ पुसणे ह्यांत जो फरक आहे तो येथे स्पष्ट दिसतो. टोरवाल्ड्स ह्यांनी ती मागे ठेवली, पण कोठे ठेवली आणि का ठेवली हे पहिल्या पानावर लिहिले. म्हणून धागा तुटला नाही.

तुटलेला धागा जोडावयास किती श्रम पडतात त्याचेही उदाहरण आहे. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीच्या गाभ्याचा कोड यंत्रावर कोठेही उरला नव्हता. उरला होता तो १९७२ सालच्या एका छापील बाडात. ऑस्ट्रेलियातील वॉरन टूमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ती पाने पुन्हा यंत्रात उतरवली, अक्षर अक्षर तपासले आणि ती प्रणाली पुन्हा चालती केली. ग्रीसमधील डायोमिडिस स्पिनेलिस ह्या प्राध्यापकांनी फिती, टारबॉल व जुने कागद धुंडाळून, कोणता भाग कोणी लिहिला ह्याचा माग काढून, युनिक्सचा इतिहास एकाच गिट-वहीत बसवला. १९७२ च्या ५,००० ओळींच्या गाभ्यापासून २०१५ च्या २ कोटी ६० लाख ओळींपर्यंतचा प्रवास त्यात आहे. जे काम मूळच्या काळी दोन ओळी लिहून झाले असते, त्यासाठी मागाहून विद्वानांचे आयुष्य खर्ची पडते.

ह्या विषयाचा आपल्या मराठीशी एक प्रत्यक्ष संबंध आहे, तोही सांगते. संगणकावर किंवा मोबाइलवर 'क्ष', 'ज्ञ', 'र्‍य' अशी जोडाक्षरे नीट उमटावीत म्हणून हार्फबझ नावाचा ओपन सोर्स प्रोग्राम पडद्याआड काम करीत असतो. अँड्रॉइडचे फोन, फायरफॉक्स, लिबर ऑफिस ह्या सर्वांत तो आहे. त्याचा मूळ कोड फ्रीटाइप ह्या प्रकल्पातला. तो पँगो आणि क्यूटी ह्या दोन प्रकल्पांनी आपापल्या घरी वेगवेगळा आणला. दोन्ही घरांत त्याच्यात वेगवेगळ्या दुरुस्त्या होत गेल्या. एकात जी चूक सुधारली ती दुसऱ्यात तशीच राहण्याचा धोका ह्यात होता. २००६ च्या सुमारास ही ताटातूट थांबवून दोन्ही प्रवाह हार्फबझ ह्या एका प्रकल्पात आणण्यात आले, आणि नंतर बेहदाद एस्फाहबोद ह्यांनी तो नव्याने लिहिला. दोन भावांनी वेगळ्या केलेल्या चुली पुन्हा एक व्हाव्यात तशी ही गोष्ट. आपली जोडाक्षरे त्याच एका चुलीवर शिजतात.

आज परका कोड आणणे फितीच्या काळाच्या मानाने हास्यास्पद वाटावे इतके सोपे झाले आहे. २००१ साली आयबीएमने एक्लिप्स ही कोड लिहिण्याची कार्यशाळा खुली केली. अशा कार्यशाळांत 'इंपोर्ट' हा शब्द यादीतच असतो. तो दाबला की परका प्रकल्प आपल्या मेजावर येऊन बसतो. एक्लिप्समध्ये तेथेच एक लहानसा चौकोन असतो: प्रकल्पाची प्रत आपल्या जागेत करावी काय? खूण केली नाही तर आपण प्रतीवर नव्हे, मूळ जागच्या फायलींवरच लिहीत असतो. हे न कळल्याने आपली एकुलती एक मूळ प्रत बिघडवून बसणारे नवशिके काही थोडे नाहीत. २००८ साली निघालेल्या गिटहबवरही कोड दोन रीतींनी घेता येतो. एक 'क्लोन', ह्यात साधारणपणे संपूर्ण वही येते. दुसरी 'झिप', ह्यात फक्त आजचा कोड येतो. आमच्या मुलाने झिप घेतला होता. गठडे तेच, फक्त नाव नवे.

ह्या सोईची किंमत केव्हा केव्हा फार जबर पडते. २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजे ह्या जावा भाषेतील ओपन सोर्स प्रोग्राममध्ये एक घोर उणीव उघड झाली. बाहेरचा माणूस तिच्या आधारे दुसऱ्याच्या संगणकावर आपल्या आज्ञा चालवू शके. दुरुस्ती लवकर निघाली. परंतु असंख्य संस्थांना, हा प्रोग्राम आपल्याकडे आहे की नाही, हेच ठाऊक नव्हते. त्यांनी आणलेल्या कोडने दुसरा कोड आणला होता, त्याने तिसरा. आणि नोंद कोणीच ठेवली नव्हती. औषधाच्या बाटलीवर घटकांची यादी असते तशी प्रत्येक सॉफ्टवेअरबरोबर असावी, ह्या मागणीने त्याच सुमारास जोर धरला.

२०२४ चा प्रसंग त्याहून बोधप्रद आहे. एक्सझेड नावाचा, फायली दाबून लहान करणारा प्रोग्राम अनेक लिनक्स प्रणालींत असतो. त्याची देखभाल मुख्यतः एकच माणूस विनावेतन करीत होता. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून त्याचा विश्वास संपादन केला आणि अखेर त्यात चोरदरवाजा बसवला. घातक भाग चाचणीच्या फायलींत दडवला होता. परंतु तो जागा करणारी किल्ली सार्वजनिक वहीत नव्हतीच, ती केवळ प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होती. वही वाचणाऱ्याला ती दिसली नसती. गठडे आणणाऱ्याच्या घरात मात्र ती शिरली. अँड्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. तो तेवढ्या अर्ध्या सेकंदाचा पाठलाग करीत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने हे कपट जाहीर केले. आणलेला गठडा आणि लिहिलेली वही जुळतात काय, हे ताडून पाहण्याची आवश्यकता ह्याहून स्पष्टपणे कोणी सांगावी?

हा सारा इतिहास पाहिल्यावर, परका कोड आणू नये असा निष्कर्ष कोणी काढू नये. उसनवारीवाचून विद्या वाढत नाही. प्रश्न उसने घेण्याचा नसून उसने घेतल्याची आठवण ठेवण्याचा आहे.

आमच्या ख्रिस्ती समाजात एक जुनी पद्धत आहे. मुलाचा बाप्तिस्मा ज्या चर्चमध्ये होतो त्याच्या नोंदवहीत त्याचे, आईबापांचे व धर्ममातापित्यांचे नाव लिहिले जाते. मूल मोठे होऊन परगावी गेले आणि तेथल्या चर्चमध्ये त्याचे लग्न लागले, तर तिथला धर्मगुरू मूळ चर्चला कळवतो, आणि जुन्या नोंदीच्या समासात लग्नाची नोंद होते. माणूस दूर गेला तरी त्याच्या पहिल्या पानाशी असलेला धागा असा दोन्ही बाजूंनी राखला जातो. कोडच्या बाबतीत ह्याहून वेगळे काय करावयाचे आहे? आणताना कोठून, केव्हा आणि कोणती आवृत्ती आणली हे लिहावे. लेखकाचे नाव व परवाना जागच्या जागी ठेवावा. मूळ प्रत निराळी ठेवून आपले बदल निराळे करावेत. आणि आपल्याला चूक सापडली तर मूळ घरी कळवावे. शेवटची गोष्ट बहुधा विसरली जाते, आणि खरे ऋण तीच फेडते.

आमच्या त्या विद्यार्थ्याने पुढे आठ दिवस शोध घेऊन मूळ प्रकल्प शोधून काढला. नव्या आवृत्तीतही ती पुस्तकाची चूक तशीच होती. त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत मूळ लेखकाला पत्र लिहिले, चूक दाखवली आणि आपण केलेली दोन ओळींची दुरुस्ती सोबत जोडली. काही दिवसांनी ती स्वीकारली गेल्याचे उत्तर आले. पुसलेली नावे त्याने पुन्हा जागच्या जागी लिहिली. त्यांच्याखाली आता त्याचेही नाव आहे, आणि ह्या वेळी ते तेथे असण्याचा अधिकार त्याने कमावलेला आहे.